डॅशबोर्डमागची तार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायचं धाडस होतंय. ओळखीच्या माणसापुढे कितीदा तोंड उघडलं आणि कांद्या-बटाट्याचं काहीतरी बोलून मिटून घेतलं.

आत्ताही लगेच सांगता येईल असं वाटत नाही. थोडं आजूबाजूचं बोलतो. चालेल ना?

मंचरला हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मूळचा मी जुन्नरकडच्या डिंगोऱ्याचा, पण लग्नानंतर इथं आलो आणि इथलाच झालो. दुकानासमोरून दिवसभर गाड्या जातात — ट्रक, एसट्या, टेम्पो. एवढ्या गोंगाटात माणूस एकटा कसा राहील, असं तुम्हाला वाटेल. राहतो. बायको आता मुलाकडे पुण्याला असते, नातवंडांत रमलीय. मी सकाळी शटर वर करतो, संध्याकाळी खाली ओढतो, आणि मधल्या वेळात गाडीच्या बिघाडापलीकडे कुणाशी चार शब्द बोलत नाही. लोक म्हणतात, दत्तू वायरमन माणूसघाणा आहे. पूर्वी मी असा नव्हतो. पूर्वी माझ्या दुकानात गेनभाऊ येऊन बसायचा.

गेनभाऊ म्हणजे शेठच्या गाडीचा ड्रायव्हर. शेठ पेठेतले कापडाचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आलेले, पण बोलायला-वागायला शेठ पुरते मंचरचे. गेनभाऊ बेल्ह्याकडचा. घरी मेंढरं. बाप, चुलते, भाऊ — सगळे पाऊस संपला की कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी परतायचे. त्या घरातला स्टिअरिंगला हात लावणारा हा पहिलाच. त्याची त्याला काय ऐट होती! इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात कंगवा, आणि गाडीची काच पुसायला स्वतःचा रुमाल. पान नाही, तंबाखू नाही, बाटलीला तर कधी हातही लावला नाही. दुपारी शेठ जेवून आडवे झाले की हा माझ्याकडे यायचा. कधी त्याच्या डब्यातली भाकरी मी खायचो, कधी माझ्या डब्यातली पोळी तो. आणि गप्पा — कसल्या, ते आता आठवतही नाही. मैत्रीतल्या गप्पा लक्षात कुठे राहतात?

माझी बायको बाळंतपणात अडली तेव्हा दिवस वर आला होता आणि एकही वाहन थांबायला तयार नव्हतं. गेनभाऊनं शेठना विचारलं, गाडी दारात आणली, तिला मागच्या सीटवर निजवलं आणि खड्डा न खड्डा चुकवत दवाखान्यात पोचवलं. माझा मुलगा त्या माणसामुळे आहे. हे मुद्दाम सांगतोय. पुढचं ऐकताना हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

ती गाडी म्हणजे शेठच्या वडिलांनी घेतलेली जुनी अँबॅसिडर. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती. पेठेतल्या बाकीच्या व्यापाऱ्यांनी लहान, नव्या, चकचकीत गाड्या घेतल्या होत्या, पण शेठना ही विकायची नव्हती. ‘माझ्या बापाचा हात लागलाय हिला,’ म्हणायचे. बाहेरून गाडी अजून ठीक होती. आतला डॅशबोर्ड मात्र गेलेला. पत्रा गंजलेला, रंगाचे पोपडे उडालेले, मीटरची काच पिवळी पडलेली. मागच्या तारांचं कापडी वेष्टण तर बोट लावलं की भुगा व्हायचं. शेठ तीन-चार गॅरेजात फिरून आले. जुन्या गाडीचा डॅशबोर्ड काढायला कुणी तयार होईना. काढणं एक वेळ सोपं, परत बसवणं अवघड.

मी म्हटलं, मी करतो. घमेंडच होती ती. हायवेवरचे भलेभले नको म्हणतात ते दत्तू करतो, हे मला पेठेला दाखवायचं होतं.

आधी बॅटरीची तार सोडली. मग स्टिअरिंग उतरवलं. चोकचा नॉब, लाईटचा नॉब, वायपरचा नॉब — एकेक काढून रिकाम्या डब्यात ठेवला. मग ड्रायव्हरच्या सीटवरून उलटा झालो, पाय मागच्या सीटवर, डोकं खाली पेडलपाशी, आणि टॉर्चच्या उजेडात एकेका तारेला चिकटपट्टी लावून नंबर घातला. मीटरची केबल सोडली. काचेखालच्या फटीतले स्क्रू गंजून धरले होते, त्यांना तेल पाजून दिवसभर थांबलो. शेवटी सगळा डॅशबोर्ड हलला आणि अख्खाच्या अख्खा माझ्या मांडीवर आला. तुम्हाला हसू येईल, पण लहान मूल उचलून घ्यावं तसा मी तो उचलला होता.

गेनभाऊ रोज येऊन बघायचा. उघड्या तारांचं ते जाळं बघून म्हणायचा, ‘ह्ये सगळं परत जाग्यावर येतंय व्हय रं?’ मी म्हणायचो, येतंय.

पत्रा घासून, रंगवून आणला. मूळचाच तो फिका राखाडी रंग. नव्या तारा ओढल्या. मीटर उघडून साफ केलं. बसवायच्या दिवशी सगळ्या तारा जोडत आणल्या होत्या, राहिला होता लाईटचा स्विच. त्याच्या पाठीला पितळेचे स्क्रू असतात. तार आत घालायची आणि आवळायची. सगळ्या दिव्यांना करंट नेणारी जी मुख्य तार, ती मी आत घातली, स्क्रू बोटांनी फिरवला — आणि तेवढ्यात शेठ आले. एकटे नाहीत. त्यांची आई, पत्नी, मुली, शेजारचे दोन व्यापारी. गाडी बघायला. शेठच्या आईला सगळी पेठ मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी दारातून आत वाकून त्या राखाडी पत्र्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘आणली तेव्हा अशीच होती रे.’ त्यांचे डोळे भरले होते.

मग काय! मी डॅशबोर्ड मागे रेटला, स्क्रू मारले, स्टिअरिंग चढवलं, बॅटरी जोडली आणि सगळ्यांसमोर नॉब ओढला. समोरचे दिवे लागले, मागचे लागले, मीटरमध्ये उजेड आला. टाळ्या पडल्या. खरोखर टाळ्या. माझ्यासाठी आयुष्यात पुन्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पितळेचा तो स्क्रू पेचकसानं आवळायचा राहून गेला होता.

विसरलो, असं तुम्हाला सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना मला आठवलं. अंगावर पाणी घेता घेता हात थांबला — तो स्क्रू आवळला का? मग मीच मला समजावलं, आवळला असणार, हाताला सवय असते. डॅशबोर्ड पुन्हा खोलायचा म्हणजे दोन दिवस जाणार, आणि शेठना काय सांगणार? ज्याच्यावर टाळ्या वाजल्या, ते काम अर्धवट राहिलंय म्हणून?

नंतर आठ-दहा दिवसांनी गेनभाऊ दुकानात आला. म्हणाला, ‘दत्तू, काल लाईट लपकली, गेली अन् आली. एकदाच. जरा बग की.’

मी पाना हातातून खालीही ठेवला नाही. म्हटलं, ‘बल्ब ढिला असंल.’ पुढं जाऊन बल्ब दाबून आल्यासारखं केलं. ‘आता बघ.’ त्यानं मान डोलावली. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता. तो गाडी घेऊन गेला आणि मी पुढच्या टेम्पोखाली शिरलो. मला माहीत होतं की नव्हतं? एवढी वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारतोय. आणि दर वेळी उत्तर एकच येतं — होतं.

त्याच आठवड्यात मोठ्या बाई जुन्नरला बहिणीला भेटायला गेल्या. गेनभाऊ सकाळी शेठना पुण्याला सोडून आला होता, तिथून परत येऊन बाईंना घेऊन जुन्नर. परतायला दिवस मावळला. जुन्नर-नारायणगाव रस्ता तेव्हा अरुंद होता, दोन्ही बाजूंना मोठमोठी झाडं. नुकता अंधार पडला होता. एका वळणावर गाडी खड्ड्यातून गेली आणि दिवे गेले. वळण पुढे कुठे वळतंय ते दिसायच्या आत गाडी झाडावर आदळली.

गेनभाऊचं कपाळ फुटलं. मोठ्या बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात ते कसलं जुळतं?

लोक जमले, त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. सकाळी गाडी ओढून आणायला माणसं गेली तेव्हा कुणीतरी सहज नॉब ओढला — आणि उरलेला एक दिवा लखकन लागला. मागचेही लागले. आदळताना तार पुन्हा जागेवर टेकली होती, बस. पण पेठेत तासाभरात झालं : दिवे तर चालू आहेत, ड्रायव्हर खोटं बोलतोय.

शेठ चांगले माणूस होते. त्यांनी गेनभाऊवर आवाज चढवला नाही. ट्रॅक्टरला बांधून गाडी माझ्या दारात आणली आणि म्हणाले, ‘दत्तू, तू वायरिंग केलंयस. तू बघ आणि सांग. तू सांगशील ते मी मानीन.’

गेनभाऊ त्यांच्या मागे उभा होता, कपाळाला पट्टी. त्याच्या चेहऱ्यावर तर सुटल्यासारखं हसू आलं. म्हणाला, ‘बगू द्या त्याला. त्याला कळंल. शेठ, नुसत्या म्होरच्या न्हाई, मीटरातली लाईट बी गेली व्हती. समद्या एकदम.’

मीटरमधलीसुद्धा. पेठेत त्या वाक्याचा अर्थ समजणारा एकच माणूस होता. बल्ब गेला तर एक दिवा जातो. सगळे एकदम जातात ते मुख्य तार सुटली तर. डॅशबोर्डला हात लावायच्या आत मला कळलं होतं.

मी म्हटलं, दोन तास द्या. ते दोघं दवाखान्यात गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि एकट्यानं पुन्हा सगळं खोललं. ह्या वेळी हात फार भरभर चालले. स्विच बाहेर आला. स्क्रू बोटानं फिरवला तेवढ्यावरच होता, आणि तार त्यात लोंबत होती. हात लावला की सुटायची, सोडला की टेकायची. मी बघत बसलो.  बाहेरून एक एसटी गेली, पत्रे थरथरले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती तार सरकली.

मग मी पेचकस घेतला आणि स्क्रू आवळला.

डॅशबोर्ड परत बसवला. स्टिअरिंग चढवलं. हात धुतले. शेठ आणि गेनभाऊ आले तेव्हा मी बाहेर स्टुलावर बसलो होतो. शेठनी विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, ‘काही नाही शेठ. वायरिंग ठीक आहे.’

हे झालं. इथं थांबलो तरी तुम्हाला वाटेल, सगळं सांगून झालं. पण एक गोष्ट मी गाळली. इतकं बोलूनही गाळली, बघा — माणूस कबूल करतानाही काहीतरी हातचं राखतोच.

मी ‘वायरिंग ठीक आहे’ म्हटल्यावर शेठनी गेनभाऊकडे बघितलं. गेनभाऊ भांडला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तर आपण बघतो, तसा. मग हळूच म्हणाला, ‘पर दत्तू, गेलती रं लाईट.’

त्या नजरेपुढे मला टिकता येईना. तिला काहीतरी देऊन ती माझ्यावरून हलवायची होती. आणि मी म्हणालो, ‘गेनभाऊ, सकाळधरनं गाडीवर होतास. पुण्याला जाऊन आलास, परत जुन्नर. डोळा लागला असंल. झोपेत माणसाला अंधारच दिसतो.’

हे मी म्हणालो. तोवर पेठेत कुणाच्याही तोंडी झोपेचं नाव नव्हतं. लोक त्याला खोटारडा म्हणत होते, दारू प्यायला असेल म्हणत होते. झोप मी दिली त्याला. वर तोंडावर काळजी आणून दिली, आपल्या माणसाला सांभाळून घेतल्यासारखी. शेठना तर ते पटलंच. मला वाटतं, त्यांना बरंही वाटलं. दारूपेक्षा झोप बरी.  गाडीची चावी गेनभाऊनं शेठच्या हातात दिली आणि चालत स्टँडकडे गेला. मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. मी तो दिसेनासा होईपर्यंत बघत होतो.

त्यानंतर मंचरमध्ये त्याला कुणी गाडीवर ठेवलं नाही. तो बेल्ह्याला गेला, आणि भावांबरोबर मेंढरांमागे चालू लागला.

मोठ्या बाई पुन्हा चालल्या नाहीत. मी दोनदा त्यांना बघायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, ‘गाडी सुंदर केली होतीस रे.’ तिसऱ्यांदा जाणं माझ्याच्यानं झालं नाही.

दुपारी डबा उघडला की मी समोरच्या बाकाकडे बघायचो. कुणी दुसरा येऊन बसू लागला, जरा ओळख वाढली, की मला भीती वाटायची. ओळख झाली की माणूस बोलतो. बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं तर? म्हणून मी कामाला लागायचो, पाठ करायचो, तुटक बोलायचो. माणसं आपोआप येईनाशी झाली. मग मी तो बाकही मोडीत काढला. बायको विचारायची, तुम्हाला झालंय काय? मी म्हणायचो, काही नाही. काही नाही — हे दोन शब्द मी आयुष्यात सगळ्यात जास्त वापरले असतील.

सात-आठ वर्षं अशी गेली. एकदा एका व्यापाऱ्याचा टेम्पो बेल्ह्याच्या बैलबाजारात बंद पडला, म्हणून मला तिकडे बोलावलं. काम झालं, हात पुसत होतो, तर मागून हाक — ‘दत्तू!’

गेनभाऊ. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, अंगाला मेंढरांचा वास. कपाळावरचा व्रण पांढरा पडलेला. मला वाटलं, आता हा विचारणार. खरं सांगतो, मनातून मला तेच हवं होतं. त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं — असं मी आजवर मानत आलोय. पण खरंच सांगितलं असतं का?

त्यानं मला चहाच्या टपरीवर नेलं. पोराचं विचारलं, बायकोचं विचारलं. मग म्हणाला, पुतण्यानं पिकअप घेतलाय, चालवायला ये म्हणून मागं लागलाय. ‘म्या न्हाई म्हनलं. स्टिअरिंगला हातच लावत न्हाई मी आता. म्होरं बी बसत न्हाई.’

मी विचारलं, का?

‘अरं, तूच म्हनला व्हतास न्हवं, डोळा लागला असंल? मला आधी पटंना. लई दिस पटंना. रातच्याला मेंढरांपाशी बसलं की तीच वाट डोळ्याम्होरं यायची. मला तर लाईट गेल्यालीच दिसायची. मग म्हनलं, दत्तू कशाला खोटं बोलंल? त्यानं समदं खोलून बगितलं. म्हंजे आपलीच चूक. आपल्याला कळलं बी न्हाई, आन् आपन झोपलो. असल्या मानसानं गाडी चालवू नये. कुनाचा तरी जीव जायचा.’

चहाचा कप त्यानं खाली ठेवला. ‘बाईंच्या पाया पडून आलो मागल्या साली. म्हनलं, बाई, माजा डोळा लागला व्हता, खोटं बोललो मी लाईटीचं. त्यांनी डोक्यावर हात ठिवला. लई बरं वाटलं बग.’

न केलेल्या चुकीची माफी मागून आला होता तो. आणि ज्यानं केली, तो त्याच्यासमोर बसून बिस्किट चहात बुडवत होता. आजूबाजूला बाजार भरलेला, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, सौदे, आरडाओरडा. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — गेनभाऊ, तार ढिली होती. तीन-चार शब्द. तोंड उघडलं. तो माझ्याकडे बघत होता, पूर्वीसारखाच, विश्वासानं. मी म्हणालो, ‘चल, उशीर होतोय.’

एसटीत खिडकीशी बसलो. तो खाली उभा राहून हात हलवत होता.

दोन वर्षांनी कळलं, तो गेला. कोकणातून कळप परत आणताना ताप आला आणि वाटेतच संपला. मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको ओसरीत बसली होती. मला बघून ती भावाला म्हणाली, ‘ह्ये दत्तूभाऊ, मंचरचे. ह्यांच्यावर लई जीव व्हता त्यांचा.’ मी तासभर बसलो, पाणी प्यालो, उठलो. मोठ्या बाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. शेठ अजून रस्त्यात भेटले की मान हलवतात, मी हलवतो.

ज्यांना सांगायला हवं होतं त्यातले दोघं आता ऐकू शकत नाहीत, आणि जो ऐकू शकतो त्याच्याकडे मी अजून गेलेलो नाही. जाईन असंही म्हणत नाही. तसं म्हणून मी पुष्कळ वर्षं काढली.

गेनभाऊला झोप लागली नव्हती. तो जागा होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, डोळे उघडे होते, आणि त्याच्यासमोरचा अंधार मी केला होता.